बिडातलं चिमूटभर मॅग्नेशियम आणि इतर अल्प घटक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाउंड्रीत नव्याने लागलेली पोरं, मशीन शॉपचे मालक, डिप्लोमाचे विद्यार्थी आणि कास्टिंग विकत घेणारे पर्चेसवाले असे सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून ते एका जागी लिहून काढले. मी ओतकामातला मेटलर्जिस्ट आहे, त्यामुळे बिडाबद्दल, म्हणजे कास्ट आयर्नबद्दल, सविस्तर लिहिलंय. पोलाद, ॲल्युमिनियम, सिरॅमिक वगैरे पुढे येतात. बहुतेकांचा प्रश्न "किती घालायचं?" असा असतो. माझ्या मते त्याआधी "घातलेलं कुठे जाऊन बसतं?" हे विचारायला हवं, आणि जवळजवळ प्रत्येक उत्तरात मी तिथेच येणार आहे.

अल्प घटक म्हणजे नेमके किती?

ठरलेली व्याख्या नाही. स्टेनलेसमधलं १८ टक्के क्रोमियम किंवा पितळेतलं ३०-४० टक्के जस्त हे मुख्य घटक. इथे आपण बोलतोय ते एक टक्क्याच्या आतल्या, बऱ्याचदा ०.०५ टक्क्याच्याही आतल्या घटकांबद्दल. त्याखाली गेलो की टक्केवारी गैरसोयीची होते आणि पीपीएम, म्हणजे दशलक्षात किती, हे माप येतं. सोपा हिशेब असा: एक टन धातूत एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम. ०.०४ टक्के म्हणजे ४०० पीपीएम, म्हणजेच टनाला ४०० ग्रॅम.

एवढ्याशा मॅग्नेशियमने बीड चिवट कसं होतं?

साध्या बिडात, म्हणजे ग्रे आयर्नमध्ये, सव्वातीन-साडेतीन टक्के कार्बन आणि दोन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. लोखंड गोठताना यातला बराचसा कार्बन ग्रॅफाइट होऊन वेगळा पडतो, आणि तो पातळ, वाकड्यातिकड्या पापुद्र्यांच्या रूपात पडतो. ग्रॅफाइटला स्वतःची ताकद जवळपास नाहीच. त्यामुळे असा प्रत्येक पापुद्रा म्हणजे धातूच्या आत आधीपासून असलेली भेग. तिच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तुकडा न वाकता तुटतो. ग्रे आयर्न ओढून पाहिलं तर तुटण्याआधी एक टक्कासुद्धा लांबत नाही.

आता याच द्रवात ०.०३५ ते ०.०५ टक्के मॅग्नेशियम शिल्लक राहील अशी व्यवस्था केली तर ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात पडतं. सूक्ष्मदर्शकाखाली हे गोळे चिरलेल्या कोबीच्या गड्ड्यासारखे दिसतात, पानावर पान. ग्रॅफाइट तेवढंच आहे, आकारमानाने साधारण दहा टक्के, पण गोळ्याला टोक नसल्यामुळे ताण एकवटायला जागा राहत नाही. या बिडाला एसजी, म्हणजे स्फेरॉइडल (गोल) ग्रॅफाइट आयर्न म्हणतात. एसजी ४००/१५ या ग्रेडचा अर्थच असा की ताणशक्ती किमान ४०० मेगापास्कल आणि लांबण्याचं प्रमाण किमान १५ टक्के. भट्टीत गेलेला माल जवळजवळ तोच आणि कार्बनही तितकाच.

मॅग्नेशियम हे करतं कसं, यावर अजूनही वाद चालतात, पण बहुतेकांना मान्य असलेला गाभा असा. ग्रॅफाइटचा स्फटिक थरांचा बनलेला असतो. द्रवात विरघळलेलं गंधक आणि ऑक्सिजन या थरांच्या कडांना चिकटतात, आणि मग स्फटिक कडेकडेने पसरत जाऊन पापुद्रा होतो. मॅग्नेशियमला गंधक आणि ऑक्सिजन दोघांचीही भारी ओढ. ते दोघांना बांधून टाकतं, कडा मोकळ्या होतात आणि थरावर थर चढायला लागतो. म्हणजे ०.०४ टक्के मॅग्नेशियम लोखंडाला स्वतः मजबूत करत नाही. वाढत्या ग्रॅफाइटच्या कडेवर कोण बसणार, एवढंच ते ठरवतं. ती कडा फार लहान जागा आहे, म्हणून इतकं कमी पुरतं.

हे कुणाला आणि कधी सापडलं?

अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीत कीथ मिलिस नावाचा तरुण संशोधक कामाला होता. झीज सोसणाऱ्या पांढऱ्या बिडात, म्हणजे ज्यात कार्बन ग्रॅफाइट न होता कडक कार्बाइड होतो त्या बिडात, क्रोमियमऐवजी दुसरं काय वापरता येईल याचा तो शोध घेत होता. त्या ओघात १९४३ मध्ये वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घातल्यावर ग्रॅफाइट गोल पडलेलं दिसलं. जाहीर झालं ते १९४८ च्या मे महिन्यात, फिलाडेल्फियाच्या फाउंड्री परिषदेत. त्याच परिषदेत इंग्लंडचे हेन्टन मॉरो यांनी सेरियम घालून गोल ग्रॅफाइट मिळवल्याचा निबंध वाचला, आणि चर्चेच्या वेळी निकेल कंपनीच्या माणसाने उठून आपल्या मॅग्नेशियमबद्दल सांगितलं. दोन वेगळ्या देशांत, दोन वेगळी मूलद्रव्यं, परिणाम एक. दोन्ही मूलद्रव्यं गंधक आणि ऑक्सिजन पकडणारी आहेत, हा योगायोग नाही. अमेरिकन पेटंट १९४९ मध्ये मिळालं.

त्याआधी चिवट ओतकाम हवं असेल तर पांढरं बीड ओतून ते कित्येक दिवस भट्टीत भाजत ठेवावं लागे, त्याला मॅलिएबल म्हणत. आज ट्रॅक्टरचे हब, क्रँकशाफ्ट, पंपांची अंगं आणि नगरपालिका रस्ता खोदून टाकते ते डीआय (डक्टाइल आयर्न) पाईप, हे सगळं एसजी आयर्न आहे.

फाउंड्रीत मॅग्नेशियम प्रत्यक्ष घालतात कसं? सरळ टाकून का चालत नाही?

मॅग्नेशियम १,०९० अंशांना उकळतं आणि आपला मेटल असतो १,४५०-१,५०० अंशांवर. शुद्ध मॅग्नेशियमचा तुकडा टाकला तर स्फोट झाल्यासारखा मेटल उडेल. म्हणून ते फेरोसिलिकॉनमध्ये, म्हणजे लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूत बांधून, पाच ते सात टक्के मॅग्नेशियम असलेल्या मिश्रधातूच्या खड्यांच्या रूपात वापरतात. आपल्याकडे याला नोड्युलायझर म्हणतात.

कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी कुठेही गेलात तरी सँडविच पद्धत दिसेल. लॅडलच्या, म्हणजे वितळलेला मेटल घ्यायच्या भांड्याच्या, तळाला एका बाजूला खड्डा केलेला असतो. त्यात मोजलेला नोड्युलायझर, वरून स्टीलच्या पंचिंगचा (पत्र्याच्या छोट्या तुकड्यांच्या भंगाराचा) थर. मग इंडक्शन भट्टी तिरकी करून मेटल खड्ड्याच्या विरुद्ध बाजूला सोडायचा, थेट खड्यांवर नाही. वरचं स्टील वितळायला काही सेकंद लागतात, तोवर लॅडल बऱ्यापैकी भरलेली असते आणि मॅग्नेशियमच्या वाफेला वर येताना भरपूर मेटलमधून जावं लागतं. म्हणूनच या कामाची लॅडल बुटकी न ठेवता रुंदीच्या दुप्पट उंच ठेवतात. डोळे दिपवणारा पांढरा उजेड आणि पांढरा धूर निघतो, मग उकळी बसते. उजेड लगेच आणि फार मोठा झाला तर समजावं की रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यातलं मेटलमध्ये टिकणारं मॅग्नेशियम, गेली.

हिशेब मांडून बघा. ५०० किलो मेटल, १.४ टक्के म्हणजे ७ किलो नोड्युलायझर, त्यात ६ टक्के म्हणजे ४२० ग्रॅम मॅग्नेशियम. यातलं निम्मं जळून आणि वाफ होऊन गेलं तर उरतं २१० ग्रॅम, म्हणजे ०.०४२ टक्के. रिकव्हरी पन्नासवरून पस्तीस टक्क्यांवर आली की आकडा ०.०३ च्या खाली येतो आणि अख्खी लॅडल धोक्यात येते. खड्डा झिजलेला आहे, पंचिंग ओलं आहे, मेटल पन्नास अंश जास्त तापलाय, यातलं काहीही तेवढा फरक पाडायला पुरतं. म्हणून चांगला मेल्टर लॅडलच्या खड्ड्याची डागडुजी स्वतः उभं राहून करून घेतो. या माणसांचं कौशल्य कुठल्याच पत्रकावर येत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं.

ट्रीटमेंट झाल्यावर किती वेळात ओतायचं?

आठ-दहा मिनिटांत. मॅग्नेशियम सतत उडत असतं आणि हवेतला ऑक्सिजन त्याला खात असतो. याला फेडिंग म्हणतात. शेवटच्या बॉक्समधला (साच्यातला) मेटल हा सगळ्यात कमी मॅग्नेशियमचा, म्हणून तपासणीचा नमुना लॅडलच्या शेवटून घ्यायचा. पहिल्या बॉक्सचा नमुना घेऊन "सगळं ठीक" म्हणण्यात अर्थ नाही.

मग थोडं जास्तच घालून ठेवलं तर?

बरेच जण सुरक्षिततेच्या नावाखाली हेच करतात आणि दुसरं संकट ओढवून घेतात. ०.०६ टक्क्यांच्या पुढे गेलात की मॅग्नेशियम कार्बाइड व्हायला मदत करतं, पातळ भाग कडक होतात आणि टूल जातं. आतल्या पोकळ्या वाढतात. वरच्या पृष्ठभागावर मळीचे पट्टे येतात ते वेगळेच.

आणि मुद्दाम कमी घातलं, ०.०१ ते ०.०२ टक्के, तर पापुद्राही नाही आणि गोळाही नाही, जाडसर अळ्यांसारखं ग्रॅफाइट मिळतं. हे व्हर्मिक्युलर बीड ग्रेपेक्षा मजबूत आणि एसजीपेक्षा चांगलं उष्णतावाहक, म्हणून काही डिझेल इंजिनांचे ब्लॉक यात ओततात. पण मॅग्नेशियमचा चालणारा पट्टा टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढाही रुंद नसतो. पावकिलो इकडचं तिकडे झालं तरी चालेल असं हे काम नाही.

गंधक म्हणजे वाईटच ना?

एसजीसाठी हो. मूळ मेटलमध्ये गंधक ०.०२ टक्क्यांच्या खाली, शक्यतो ०.०१५ च्या आसपास हवं. जास्त असेल तर आधी मॅग्नेशियम त्यातच खर्च होतं.

ग्रे आयर्नचं मात्र उलटं आहे, आणि हे ऐकून नवे लोक चक्रावतात. तिथे ०.०५ ते ०.१ टक्के गंधक लागतं. मँगनीज सल्फाइडचे बारीक कण तयार होतात आणि ग्रॅफाइट त्यांच्यावर उगवतं. पूर्वी क्युपोला भट्टीत कोकमधून गंधक आपोआप येई. इंडक्शन भट्टी आली, चार्जमध्ये स्टील स्क्रॅप वाढलं, गंधक ०.०४ च्या खाली गेलं आणि एरवी चांगल्या चाललेल्या फाउंड्र्यांमध्ये पातळ कडा पांढऱ्या, कडक निघू लागल्या. तेव्हापासून ग्रेच्या हीटमध्ये (भट्टीच्या एका वितळणीत) आयर्न सल्फाइड मुद्दाम घालतात. एकाच शेडमध्ये सकाळी गंधक काढायचं आणि दुपारी घालायचं, असं काम असतं. मूलद्रव्य चांगलं की वाईट हे वेगळं ठरवता येत नाही, ते त्या द्रवात कशाशी बांधलं जाईल हे पाहावं लागतं.

इनॉक्युलेशन म्हणजे मॅग्नेशियम ट्रीटमेंटच का?

नाही, ती दुसरी पायरी. मॅग्नेशियम ग्रॅफाइटचा आकार ठरवतं, इनॉक्युलंट ग्रॅफाइट किती ठिकाणी उगवेल ते ठरवतो. ७५ टक्क्यांच्या फेरोसिलिकॉनमध्ये थोडं कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि बेरियम, स्ट्रॉन्शियम किंवा झिर्कोनियम असतं. ओतताना धारेत ०.१ ते ०.२ टक्के सोडतात. खरं काम या थोड्याशा कॅल्शियम-बेरियमचं. शुद्ध फेरोसिलिकॉनने हा परिणाम फारसा मिळत नाही.

स्क्रॅपमधून नको ते आत आलं तर?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात वर हवा होता. शिसं ०.००५ टक्के, म्हणजे टनामागे ५० ग्रॅम, आलं तरी ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांना काटे फुटतात आणि ग्रे आयर्नची ताकद ढासळते. शिसं येतं जुन्या रंगातून, फ्री-कटिंग स्टीलच्या बारमधून, सोल्डरमधून, कुठेतरी मिसळलेल्या बॅटरीच्या टर्मिनलमधून. एसजीमध्ये शिसं, बिस्मथ, टायटॅनियम, अँटिमनी हे सगळे गोळ्यांचा आकार बिघडवतात. त्यावर उतारा म्हणून नोड्युलायझरमध्येच थोडं सेरियम असतं. ते या उपद्रवी घटकांना बांधून ठेवतं. जाड कास्टिंगमध्ये काही ठिकाणी बिस्मथ आणि सेरियम सोबत घालून गोळ्यांची संख्या वाढवतातही. एकटं बिस्मथ आकार बिघडवतं आणि जोडीने घातलं की उपयोगी पडतं.

पोलादाच्या दुनियेत तांब्याचं दुखणं मोठं आहे. भंगार गाड्यांतल्या मोटर आणि वायरिंगचं तांबं वितळलेल्या पोलादात गेलं की नेहमीच्या रीतीने काढता येत नाही, कारण तांब्याआधी लोखंडच ऑक्सिजनशी संयोग पावतं. पुढे तापवून लाटताना वरचं लोखंड खपलीत जातं, तांबं मागे उरतं, वितळून पोलाद ज्या बारीक स्फटिक-कणांचं बनलेलं असतं त्या कणांच्या सीमांमध्ये शिरतं आणि पृष्ठभाग फाटतो. जगभर भंगारापासून पोलाद करण्याचं प्रमाण वाढतंय आणि प्रत्येक फेरीत तांबं साचत जातं. भंगार निवडताना वायरिंग हाताने उपसून काढणाऱ्या कामगाराचं काम धातुशास्त्राचंच आहे, त्याला त्या कामाचा मोबदलाही तसा मिळायला हवा.

पोलादात सर्वात कमी प्रमाणात काय वापरतात?

बोरॉन. पाच ते तीस पीपीएम. टनाला वीस ग्रॅम बोरॉनने पोलाद खोलवर कडक होऊ लागतं. एरवी त्यासाठी कितीतरी जास्त मँगनीज किंवा क्रोमियम घालावं लागलं असतं. कारण पुन्हा जागेचं. तापलेल्या पोलादातल्या कणांच्या सीमांवर बोरॉनचे अणू गोळा होतात. थंड होताना मऊ फेराइट तिथूनच उगवायला सुरुवात करतं आणि बोरॉन तीच जागा अडवतं. पोलादात मोकळा नायट्रोजन असेल तर तो बोरॉनला पकडून निकामी करतो, म्हणून आधी थोडं टायटॅनियम घालून नायट्रोजन बांधून टाकतात. मोटारीच्या दारालगतचे मजबूत खांब अशाच बोरॉन स्टीलच्या तप्त पत्र्यातून दाबून काढलेले असतात.

हेच बोरॉन निकेल-ॲल्युमिनियमच्या एका संयुगात आणखी थक्क करणारं काम करतं. तीन भाग निकेल आणि एक भाग ॲल्युमिनियमचं हे संयुग उच्च तापमानात ताकद टिकवतं, पण सीमांवरून काचेसारखं तुटतं. १९७९ साली जपानमध्ये आओकी आणि इझुमी यांनी त्यात ०.१ टक्क्याच्या आसपास बोरॉन घातलं आणि ते तीस टक्क्यांहून जास्त लांबायला लागलं.

बुलेटच्या हेडपासून अलॉय व्हीलपर्यंत ॲल्युमिनियम ओततात. तिथेही असं काही आहे का?

आहे, आणि त्याची कथा एका माणसाशी बांधलेली आहे. ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू गोठताना सिलिकॉनच्या जाड, धारदार पाट्या पडतात आणि कास्टिंग ठिसूळ होतं. हंगेरीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या अलादार पात्झ यांनी वितळलेल्या धातूवर सोडियमचा क्षार टाकून पाहिला. सिलिकॉन बारीक तंतूंच्या रूपात पडलं. पेटंट १९२१ चं. आज सोडियमऐवजी ०.०१ ते ०.०२ टक्के स्ट्रॉन्शियम वापरतात, कारण सोडियम काही मिनिटांत उडतं आणि स्ट्रॉन्शियम बराच वेळ टिकतं. दोन्ही वाढत्या सिलिकॉनच्या पायऱ्यांवर बसून त्याची वाट बदलायला लावतात. स्फुरद मात्र स्ट्रॉन्शियमच्या विरोधात काम करतं. पण पिस्टनसारख्या जास्त सिलिकॉनच्या मिश्रधातूत हेच स्फुरद मुद्दाम घालतात, तिथे सिलिकॉनचे मोठे खडे फोडायला ते लागतं.

याच पात्झ यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये बल्बच्या तारेचाही प्रश्न सोडवला. टंगस्टनची तार पांढरी तापली की तिच्यातले कण मोठे होत, तार लोंबे आणि तुटे. त्यांनी टंगस्टनच्या भुकटीत पोटॅशियमयुक्त क्षार मिसळले. तयार तारेत पोटॅशियम उरतं शंभर पीपीएमच्या आत. टंगस्टनमध्ये ते विरघळत नाही, म्हणून तारेच्या लांबीने अतिसूक्ष्म बुडबुड्यांच्या रांगा होतात आणि कणांच्या सीमा त्या रांगांना अडकून राहतात. ही कारणमीमांसा समजायला पुढे अनेक दशकं लागली, तोवर बल्ब मात्र घरोघरी जळत होते.

सिरॅमिकमध्येही अल्प घटक चालतात?

रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे आठवतात ना? एलईडी येण्याआधी सगळी शहरं त्यांच्या उजेडात होती. त्यांच्या आतली नळी काचेची नव्हती, कारण तापलेली सोडियमची वाफ काच खाते. ती ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची होती. पण साधा ॲल्युमिना भाजला की अपारदर्शक पांढरा होतो, कारण भाजताना कणांच्या सीमा फार वेगाने सरकतात आणि हवेची छिद्रं कणांच्या पोटात कोंडली जातात. जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट कोबल यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी पाव टक्का मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळून हा वेग आवरला. छिद्रं सीमांवरच राहिली, सीमांवाटे बाहेर गेली आणि उजेड आरपार येऊ लागला.

दातांच्या डॉक्टरांकडची झिर्कोनियाची कॅप हा दुसरा नमुना. शुद्ध झिर्कोनिया भाजून थंड होताना स्वतःहून फुगतो आणि फुटतो. रेणूंच्या संख्येत तीन टक्क्यांच्या आसपास इट्रिया (इट्रियम ऑक्साइड) मिसळलं की तो उच्च तापमानाच्या रचनेतच अडकून राहतो. भेग पुढे सरकायला लागली की तिच्या टोकापाशीच तेवढा भाग फुगतो आणि भेग दाबून धरतो.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालावं लागतं, गाडीच्या बॅटरीत नाही. असं का?

शिशाच्या जाळीतला घटक वेगळा असतो म्हणून. शिसं नुसतं फार मऊ. कडकपणासाठी अँटिमनी घालतात, पण ती हळूहळू विरघळून ऋण पट्टीवर जाऊन बसते आणि तिथे पाण्याचं विघटन सोपं करते. पाणी हायड्रोजन होऊन उडतं, आपण डिस्टिल्ड वॉटर ओततो. गाडीच्या मेंटेनन्स-फ्री बॅटरीत अँटिमनीऐवजी ०.१ टक्क्याच्या आत कॅल्शियम असतं, ते हा उद्योग करत नाही. मग सगळीकडे कॅल्शियम का नको? कारण बॅटरी वारंवार खोलवर उतरवली तर अँटिमनीची जाळी जास्त टिकते. लोडशेडिंगच्या गावात ट्युब्युलर बॅटरी घेऊन वेळच्या वेळी पाणी घालणं हाच शहाणपणा.

दिल्लीचा लोहस्तंभ का गंजत नाही?

कुतुबमिनारजवळचा हा गुप्तकाळातला स्तंभ सात मीटरहून उंच आणि सहा टनांहून जड आहे. त्याच्या लोखंडात सरासरी पाव टक्का स्फुरद आहे. आजच्या पोलादात इतकं स्फुरद कुणी घेणार नाही, थंडीत ते ठिसूळपणा आणतं. त्या काळी लोखंड गाळताना चुनखडी वापरत नसत, त्यामुळे स्फुरद मळीत न जाता लोखंडात राहिलं. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं की गंज आणि धातू यांच्या मधोमध स्फुरद साठून लोह फॉस्फेटचा घट्ट पापुद्रा बनतो आणि पुढचं गंजणं जवळजवळ थांबतं. दिल्लीच्या कोरड्या हवेचाही त्यात वाटा आहे.

दक्षिण भारतातल्या वूट्झ पोलादाच्या तलवारींवरची लहरदार नक्षीही अशाच घटकाची देणगी. अमेरिकन धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन आणि लोहार अल्फ्रेड पेंड्रे यांनी ती नक्षी पुन्हा घडवून दाखवली, तेव्हा काहीशे पीपीएमच्याही आतलं व्हॅनेडियम कार्बाइडच्या ओळी लावतं असं निघालं. खाणीतून येणारं खनिज बदललं की नक्षी उमटेना, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

पंचधातूच्या मूर्तीत सोन्याचा कण घातला की मूर्ती मजबूत होते का?

होत नाही. तांब्याच्या मिश्रधातूत चिमूटभर सोनं सगळीकडे विरघळून जातं, सीमा किंवा कडा अशी कुठलीही कळीची जागा धरत नाही. सोनं घालण्यामागे श्रद्धा आहे, आणि ती श्रद्धेच्या जागी योग्य आहे.

इलेक्ट्रिक स्कूटरच्या मॅग्नेटसाठी डिस्प्रोसियम एवढं महत्त्वाचं का?

निओडिमियम-लोह-बोरॉनचं मॅग्नेट मोटर तापली की चुंबकत्व गमावू लागतं. काही टक्के डिस्प्रोसियमने ते तापमान सोसतं. चुंबकत्व उलटायला सुरुवात कणांच्या पृष्ठभागापासून होते, म्हणून आता डिस्प्रोसियम मॅग्नेटच्या बाहेरून लावून, तापवून, सीमांवाटे आत मुरवतात. ते कणांच्या सालीत राहतं आणि कमी पुरतं. ४ एप्रिल २०२५ ला चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम यांच्यासह सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन आणलं आणि पुण्यापासून होसूरपर्यंत स्कूटर बनवणाऱ्यांना घोर लागला. ही मात्रा कमी करण्याचं संशोधन आपल्याकडे जोरात व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सोलर पॅनेलमधलं सिलिकॉन?

तिथे मात्र माझं "सीमेवर बसतं" हे सूत्र चालत नाही. पन्नास लाख सिलिकॉन अणूंमागे एखादा बोरॉनचा अणू पुरतो आणि तो सिलिकॉनच्याच जागेवर, सगळीकडे सारखा पसरून बसावा लागतो. वीज वाहण्याचा गुणधर्म एकेका अणूने बदलतो. ताकदीचं तसं नसतं.

घरचा बिडाचा तवा पडला की फुटतो. एसजीचा तवा का करत नाहीत?

करता येईल, पण गरज नाही. ग्रे आयर्नचे पापुद्रे उष्णता चांगली पसरवतात, ओतायलाही ते सोपं आणि स्वस्त. तवा जपून हाताळा.

हे नीट शिकायचं असेल तर कुठे?

पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी आणि आयआयटी मुंबई इथे धातुशास्त्राचे विभाग आहेत. कोल्हापुरात इंडियन फाउंड्रीमनच्या संस्थेची शाखा आहे. डिप्लोमावाल्यांनी मात्र आधी एखाद्या फाउंड्रीच्या मेल्टिंगला काही महिने काढावेत.

मी कास्टिंगचा गिऱ्हाईक आहे. रासायनिक रिपोर्ट बरोबर असेल तर माल बरोबर समजू का?

नका समजू. स्पेक्ट्रोसाठी (रासायनिक घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरसाठी) घेतलेला नमुना तांब्याच्या साच्यात ओतून मुद्दाम पांढरा गोठवलेला असतो, त्यात ग्रॅफाइटच नसतं. शिवाय मशीन एकूण मॅग्नेशियम मोजतं. त्यातलं किती गंधकाशी आणि ऑक्सिजनशी बांधलं जाऊन बसलंय आणि किती मोकळं काम करतंय, हे त्या एका आकड्यात दिसत नाही. रिपोर्टवर ०.०४० आणि सूक्ष्मदर्शकाखाली पापुद्रे, असं होतं, आणि तेव्हा खरं सूक्ष्मदर्शकाचं मानायचं.

म्हणून प्रत्येक लॅडलच्या शेवटच्या बॉक्समधल्या नमुन्याचा मायक्रो, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो, मागा. गोळ्यांचं प्रमाण किमान ८०-८५ टक्के हवं आणि फोटोवर हीट नंबर हवा. सेफ्टीचा पार्ट असेल तर अल्ट्रासॉनिक वेग मागा: चांगल्या एसजीत ध्वनी सेकंदाला साडेपाच हजार मीटरच्या वर धावतो, पापुद्र्यांच्या बिडात पाच हजारांच्या खाली येतो. आणि मशीन नसेल तर कास्टिंग दोरीला टांगून हातोडी मारा. एसजी घणघणतं, ग्रे बद्द वाजतं. शंका आली तर तेवढा एक तुकडा कापून, घासून, पॉलिश करून बघायला सांगा.